दोनदा बिग एंड गेलं, आता मोठा ऑइल पंप बसवू का?

विचारणाऱ्यांची हकीकत थोडक्यात अशी. जुनी मारुती एस्टीम, १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं जी१३बीबी इंजिन. हेडचं काम झालंय, कॅम बदललाय. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी ७५०० आरपीएमपर्यंत फिरते. एका मोसमात दोनदा बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड जिथे क्रॅंकला धरतो तिथलं) गेलं आणि दोन्ही वेळा तीन नंबरच्याच रॉडचं. मेन बेअरिंग, म्हणजे क्रॅंकला ब्लॉकमध्ये धरणारे, बऱ्या अवस्थेत निघाले. आता त्यांच्या मनात पाच कामं आहेत: हाय व्हॉल्यूम पंप, जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर, क्रॅंकला आरपार भोकं, ब्लॉकमधली गॅलरी (तेलाची मुख्य वाट) मोठी करणं आणि २०डब्ल्यू-५० तेल.

पहिली ओळ वाचून थांबणाऱ्यांसाठी उत्तर असं: पंप, आरपार भोकं आणि गॅलरी ही तीन कामं करू नका. स्प्रिंग आणि तेल ही दोन मोजूनमापून करा, तीही सगळ्यात शेवटी. सुरुवात चेंबरपासून करा, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यापासून, ज्याला पुस्तकात संप म्हणतात.

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात आयुष्य गेलं. आमच्याकडे नदीवरून उपसा करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. जॅकवेलमध्ये (नदीकाठच्या उपशाच्या विहिरीत) पाणी नसेल तर दहाच्या जागी पंधराची मोटर बसवून पाणी वाढत नाही, मोटर हवा ओढते आणि लवकर ओढते. मी स्वतः हे शहाणपण विसरून एका घाटस्पर्धेच्या जिप्सीला मोठा पंप बसवला होता. गॅरेजात उभ्या गाडीवर प्रेशरचा काटा बघून सगळे खूष झाले. डोंगरावर तिसऱ्या हेअरपिनला बेअरिंग वाजायला लागलं.

मुळात दाब आणि तेल या दोन गोष्टींची गल्लत होते. फिरत्या क्रॅंकला पंप उचलून धरत नाही. पावसाळ्यात एक्स्प्रेसवेवर टायर पाण्यावर तरंगतो, तसा जर्नल (क्रॅंकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) स्वतःच्या वेगाने तेल ओढून घेतो, ते पाचरीसारखं निमुळत्या फटीत कोंबतो आणि त्यावर तरंगतो. या पाचरीतला दाब पंपाच्या चार-पाच बारच्या कित्येक पट असतो आणि तो जर्नलच तयार करतो. पंपाचं काम एवढंच की कडेने गळून गेलेलं तेल सतत भरून द्यायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायची. त्यामुळे काटा पाच बार दाखवतोय म्हणजे बेअरिंग सुखात आहे असं नव्हे. तेलात बुडबुडे असले तरी काटा बराच वेळ साळसूदपणे उभा राहतो. पण बुडबुडा पाचरीत शिरला की दबतो, आणि तिथे भार घ्यायला कोणी उरत नाही.

बिग एंडचीच पाळी का येते? कारण तो कालव्याच्या टेलचा शेतकरी. तेल आधी मुख्य गॅलरीत, तिथून मेन बेअरिंगच्या खाचेत, खाचेतून क्रॅंकमधल्या भोकात आणि मग रॉडच्या जर्नलवर. वरच्यांनी आपापलं पाणी घेऊन उरलेलं याच्या वाट्याला येतं. भार मात्र याच्यावर भयंकर. ६००० वरून ७५०० वर गेलात की पिस्टन-रॉडच्या जडत्वाचा भार वेगाच्या वर्गाने, म्हणजे ५६ टक्क्यांनी वाढतो. या इंजिनचा स्ट्रोक ७५.५ मिमी आहे. ७५०० ला टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना, त्याचं त्वरण तीन हजार जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटीच्या) आसपास जातं. म्हणजे अर्धा किलो वस्तुमान रॉडच्या कॅपला (खालच्या, बोल्टने आवळलेल्या अर्ध्या भागाला) क्षणभर दीड टनाने ओढतं.

आता तुमच्या तीन नंबरकडे येऊ. पंप चारही रॉडना एकच आहे. तो खरोखर अपुरा असता तर चारही रॉडच्या शेलनी (बेअरिंगच्या अर्धगोल पाकळ्यांनी) थोडीफार तक्रार केली असती. एकच रॉड पुन्हा पुन्हा जातो तेव्हा दोन शक्यता उरतात: त्या एका वाटेत काहीतरी अडतंय, किंवा कोपऱ्यात तेल तुटण्याचा पहिला फटका त्याच रॉडला बसतो. दुसऱ्या प्रकारासाठी पोर्शे ९४४ जगभर बदनाम आहे. ट्रॅकवर तिचा दोन नंबरचा रॉड बेअरिंग आधी जातो.

जुने शेल फेकले नसतील तर बाहेर काढा आणि चांगल्या उजेडात बघा. रॉडकडचा वरचा शेल जास्त खाल्लेला असेल तर तो ज्वलनाचा मार आहे. तीन नंबरचा इंजेक्टर अर्धवट तुंबला आणि सिलिंडर लीन (कमी पेट्रोलवर) चालून नॉक होतोय, म्हणजे आत अवेळी ठोके बसताहेत, असं असेल तर जगातला कुठलाही पंप ते बेअरिंग वाचवणार नाही. आधी स्पार्क प्लग आणि इंजेक्टर तपासा. कॅपकडचा खालचा शेल जास्त गेला असेल तर तो वेगाचा आणि तेल तुटल्याचा पुरावा. फक्त एका कडेला घासलं असेल तर रॉड वाकडा आहे, किंवा क्रॅंक ग्राइंड करताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई जास्त सोडलीय आणि शेलची कड तिच्यावर चढतेय. बारीक रेघा आणि रुतलेले कण दिसले तर मशीनिंगची घाण क्रॅंकच्या भोकातच राहिली होती. हे शेवटचं आमच्या धंद्यात किती वेळा होतं ते विचारू नका. ग्राइंडिंगवरून आलेला क्रॅंक वरून पुसून, भोकात हवा मारून बसवतात. आत लांब ब्रश घालून रॉकेलने घासायचा, पुन्हा घासायचा, पांढऱ्या फडक्यावर काही उमटेनासं होईपर्यंत. भोकाच्या तोंडाला प्लग असेल तर तो काढूनच.

चेंबरचं गणित सोपं आहे. गाडी कोपऱ्यात १ जी बाजूचा जोर घेत असेल तर चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. चांगल्या टायरवर एस्टीम याच्या फार मागे राहत नाही. साडेतीन लिटरच्या आसपास तेल. त्यातलं बरंचसं हेडमध्ये, भिंतींवर आणि क्रॅंकभोवती उडणाऱ्या तुषारात अडकलेलं. उरलेलं एका बाजूला गोळा झालं की गाळणी उघडी पडते. पूर्ण वेगाला पंप मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरून चला, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. दोन सेकंदांच्या कोपऱ्यात त्याला एक लिटर तेल हवं. मोठा पंप बसवलात तर दीड लिटर. कळलं ना, मोटर का बदलायची नाही?

एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं. त्यामुळे कोपऱ्यात तेल इंजिनच्या लांबीने, टायमिंगकडे किंवा फ्लायव्हीलकडे पळतं, आणि ब्रेक मारताना रेडिएटरकडे. तुमची गाळणी चेंबरच्या कुठल्या कोपऱ्यात आहे ते बघा. तिच्याभोवती पत्र्याची पेटी करून घ्या आणि पेटीला आतल्या बाजूने उघडणारी छोटी बिजागरीची दारं लावा, म्हणजे तेल आत येईल पण बाहेर पळणार नाही. वरून एक आडवा पत्रा हवा, तेल भिंत चढून क्रॅंकपर्यंत जाऊ नये म्हणून. बिजागऱ्या नीट पक्क्या करा. सुटलेलं दार गाळणीवर जाऊन बसलं तर होत्याचं नव्हतं होईल. गाळणी तळापासून ८ ते १० मिमी वर ठेवा. खाली टेकली तर वाट आवळते, जास्त वर गेली तर हवा घेते. गाळणीच्या नळीच्या जोडाची सील नवी घाला. तिथला केसाएवढा चिरा बाहेर तेल गाळत नाही, आत हवा ओढतो, म्हणून वर्षानुवर्षं सापडत नाही.

जागा असेल तर चेंबरला बाजूने पंख वाढवून एक-दीड लिटर जास्त तेल मावेल असं करा. पण डिपस्टिकची वरची खूण ओलांडून नुसतं तेल ओतू नका. पातळी क्रॅंकच्या वजनांना लागली की तेलाचा फेस होतो, आणि फेस म्हणजे परत बुडबुडे. एवढं करूनही काटा पडत असेल तर अॅक्युम्युलेटर लावा. पिस्टन असलेली ती नळकांडी, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला दाबाखालचं तेल. दाब पडला की ती दोन-तीन सेकंद उसनवारी देते. ड्राय संप, म्हणजे तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणं, हा खरा इलाज आहे. पोर्शे ९११ पहिल्यापासून तसाच आला, आणि आपली जुनी बुलेटही त्याच जातीची. पण तुमच्या गाडीत त्याचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करेल.

यानंतर क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि शेल यांच्यातली फट. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण निम्मी इंजिनं इथेच वाचतात किंवा मरतात.

फटीतून दाबाने गळणारं तेल फटीच्या घनाने वाढतं. क्लिअरन्स ०.०४ मिमीवरून ०.०५ केला तर गळती जवळजवळ दुप्पट होते. हे बिग एंडला चांगलं, कारण जास्त तेल म्हणजे जास्त उष्णता बाहेर. पण मेनला तोच खेळ केलात तर वरच्या शेतकऱ्यांनी पाटाची दारं मोठी केल्यासारखं होतं, टेलला पाणी पोचत नाही. म्हणून ‘रेसिंग आहे, सगळंच ढिलं ठेवा’ हा सल्ला मला कधी पटला नाही.

जुना ठोकताळा आहे की जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका क्लिअरन्स ठेवावा. या इंजिनचा मेन जर्नल ४५ मिमीचा आणि रॉडचा ४२ मिमीचा. तुमच्या वापराला मी बिग एंडला ०.०४५ ते ०.०५० ठेवेन आणि मेनला ०.०३५ ते ०.०४०. मेन घट्ट बाजूला का, तर ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. ५० मिमीचं भोक ८० अंशांनी तापलं की ॲल्युमिनियममध्ये ते साधारण ०.०९ मिमीने वाढतं, तर तेवढ्याच मापाचं स्टील ०.०५ नेसुद्धा नाही. कॅप आणि बोल्ट थोडं धरून ठेवतात म्हणून पूर्ण फरक पडत नाही, पण गरम इंजिनमध्ये मेनची फट तुम्ही टेबलावर मोजली त्यापेक्षा मोठीच असते. रॉड स्टीलचा, जर्नल स्टीलचा, तिथे हा प्रश्न नाही.

शेल निवडताना सुझुकीने केलेली सोय वापरा. मेनचे स्टॅंडर्ड शेल पाच जाडींत येतात आणि कडेला रंगाची खूण असते: हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. हिरवा सगळ्यात पातळ, निळा सगळ्यात जाड, आणि दोन रंगांत सुमारे ३ मायक्रॉनचा फरक. दोन्ही शेल एक रंग पातळ घेतले की क्लिअरन्स ६ मायक्रॉनने वाढतो, एकच बदलला तर तीनने. जर्नलला हात न लावता इतकं बारीक माप जमवता येतं. बहुतेक दुकानांत मात्र ‘स्टॅंडर्ड द्या’ म्हटलं की हाताला लागेल तो रंग कागदात गुंडाळून मिळतो.

मोजायचं कसं तेही सांगतो. कॅप बसवून बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळायचे, बोअर गेज त्याच जर्नलवर सेट केलेल्या मायक्रोमीटरने शून्य करायचं आणि उभ्या दिशेला वाचायचं. जर्नल तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना. क्रॅंक, रॉड, गेज सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवा; उन्हात ठेवलेला क्रॅंक खोटं बोलतो. प्लास्टिगेज (फटीत चिरडून माप दाखवणारा मऊ दोरा) वाईट नाही, पण ते फक्त खात्रीपुरतं. तीन नंबरच्या रॉडचा बिग एंड शेल काढून वेगळा मोजा. दोनदा तापलेला रॉड बहुतेक वेळा लंबगोल झालेला असतो. तसा असेल तर रीसाइझ करा (पुन्हा गोल करून मापात आणा) नाहीतर बदला, आणि बोल्ट नवे घ्या. माझा संशय विचाराल तर पहिल्या वेळी बेअरिंग कोपऱ्यात गेलं आणि दुसऱ्या वेळी त्याच रॉडने खाल्लं.

आता वाट. क्रॅंकच्या प्रत्येक भोकात सायकलचा स्पोक घालून बघा की तीन नंबरला कुठल्या मेनमधून तेल येतं. त्या मेनचा वरचा शेल ब्लॉकमध्ये बसवा आणि बॅटरी मारून भोकात बघा. शेलचं भोक आणि ब्लॉकचं भोक बरोबर समोरासमोर आहेत का? एक तृतीयांश झाकलेलं भोक मी कितीतरी वेळा पाहिलंय, विशेषतः बाहेरच्या कंपन्यांच्या शेलवर. बारीक गोल कानस घेऊन शेलचं भोक जुळवा, कडा मोडा, धुवा. अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य, आणि तुमच्या यादीतल्या पाचही कामांपेक्षा जास्त उपयोगाचं.

गॅलरी ड्रिल करून मोठी करण्याचा मोह टाळा. ८ मिमीची नळी ९ केली की नळीपुरता प्रवाह ६० टक्के वाढायची मुभा मिळते हे खरं. पण अडथळा नळीत नाहीच, तो पुढच्या ०.०४ मिमीच्या फटीत आहे. रुंद रस्ता नेऊन बोळाला जोडल्यासारखं. पंपाच्या तोंडाशी असलेली ओतकामाची धार घासून गुळगुळीत करा, तेवढं पुरे.

आरपार भोकांबद्दल वाद आहे, तेव्हा कारणासकट सांगतो. खाच फक्त मेनच्या वरच्या शेलला असते. खालचा कोरा, कारण ज्वलनाचा भार तो घेतो. त्यामुळे एकेरी भोकाच्या क्रॅंकला फेरीच्या अर्ध्या भागातच तेल मिळतं. आरपार भोक पाडलं की एक ना एक तोंड कायम खाचेत राहतं, म्हणून कल्पना मोहक वाटते. पण आता तेलाला जर्नलच्या मध्यापर्यंत आत जावं लागतं आणि फिरणारा क्रॅंक त्याला बाहेर फेकतो. ४५ मिमीच्या जर्नलवर ७५०० ला हा उलटा दाब सव्वा बारच्या वर जातो. मोठ्या अमेरिकन व्ही८ च्या ७० मिमी जर्नलवर तोच सव्वातीन बारपर्यंत. वेग वाढेल तसा तो वर्गाने वाढतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी तेल अडवतो. तुमच्या इंजिनला याची जखम छोटी, पण फायदा त्याहून छोटा, आणि क्रॅंक कायमचा कमकुवत. खाच कमी पडते असं वाटत असेल तर खालच्या शेलच्या दोन्ही टोकांना खाच ३० अंशांपर्यंत, निमुळती होत जाणारी वाढवता येते. मधला भार घेणारा भाग कोरा राहिला पाहिजे. जर्नलवरच्या भोकाच्या कडा हलक्या गोल करा, पॉलिश करा. रॉडच्या जर्नलवर लांबलचक अश्रूच्या आकाराची खाच कोरणारे कारागीर भेटतील, त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा.

(क्रॅंकच्या टोकातून, अगदी मध्यातून तेल देणं हा यावरचा सुंदर उपाय. तिथे उलटा दाबच नसतो, क्रॅंक स्वतःच तेल बाहेर ओढतो. फॉर्म्युला वनची इंजिनं तसं करतात. आणि जुनी बुलेटसुद्धा: टायमिंग कव्हरमधून, एका साध्या बुचाच्या सीलमधून. ते बूच झिजलं की बिग एंड जातो हे आपल्याकडच्या प्रत्येक बुलेट मिस्त्रीला ठाऊक आहे.)

यावरून दाबाचंही कळेल. दर हजार आरपीएमला १० पीएसआय, हा ठोकताळा त्या मोठ्या जर्नलच्या व्ही८ वरून आला. तुम्हाला ७५ पीएसआयची गरज नाही. गरम तेलावर ७००० च्या पुढे ४.५ ते ५ बार मिळाला तर मी समाधानी असेन. तेवढा नसेल आणि क्लिअरन्स बरोबर असतील तरच स्प्रिंगखाली १ मिमीचा वॉशर घाला. जास्त दाबाने पंपावर भार येतो, तेल तापतं, आणि रिलीफमधून परत जाणारं तेल आणखी फेसाळतं.

तेलाचं म्हणाल तर २०डब्ल्यू-५० हा मराठी माणसाचा ‘हळद लाव’ आहे. क्लिअरन्स ०.०५ पर्यंत असेल आणि तेल ११५ अंशांच्या आत राहत असेल तर चांगलं सिंथेटिक १०डब्ल्यू-४० पुरतं. १२५-१३० ला जात असेल तर ५० ग्रेड घ्या, पण त्याआधी कूलर लावा, फिल्टरखाली बसणाऱ्या थर्मोस्टॅटवाल्या सॅंडविच प्लेटसह. कूलरचे पाइप आतून १४ मिमीच्या आसपास हवेत. बारीक पाइपचा कूलर म्हणजे पाटावर स्वतः बांधलेला बांध. आणि जाड तेल थंड असताना रेव्ह करू नका. गाळणीतून ते वर चढत नाही, फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल बेअरिंगवर जातं.

हे सगळं करून इंजिन पुन्हा जोडताना पंपात व्हॅसलीन भरा, तो सुका असेल तर पहिल्या फेरीला तेल ओढत नाही. प्लग काढून स्टार्टरवर फिरवा, काटा हलल्याशिवाय प्लग लावू नका. प्रेशरचा सेन्सर मुख्य गॅलरीवर, कूलरच्या पुढे बसवा आणि लॉगरला (मापं नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राला) जोडा. कोपऱ्यात अर्ध्या सेकंदाची पडझड चालवणाऱ्याला दिसत नाही. सोबत एक लाल दिवा लावा, ३ बारखाली पेटणारा, डोळ्यांच्या रेषेत.

करीवर पहिल्या दिवशी पाच-पाच फेऱ्यांचं सत्र करा. पहिल्या सत्रानंतर फिल्टर कापून उघडा, घडी पसरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलेलं थोडं चूर्ण नव्या रिंगचं असतं, ते चालतं. चुंबकाला न चिकटणारे तांबूस किंवा राखाडी चमकदार कण दिसले तर गाडी ट्रेलरवर चढवा. आणि लॉगमध्ये काटा ज्या कोपऱ्यात पडतो तो डावा की उजवा, ते पहिल्यांदा लिहून ठेवा. चेंबरमधलं दार कुठल्या बाजूला कमी पडलंय ते त्यावरूनच कळेल.